डफिंग ऑसिलेटरने नॉइजमधला बारीक सिग्नल पकडायचा तर: कामाचा क्रम, मधले चेक आणि नेहमीच्या चुका

हा लेख लिहायचं कारण एकच. दर वर्षी कुणी ना कुणी डफिंग ऑसिलेटरच्या प्रोजेक्टचा ग्राफ पाठवतं, आधी गुंतवळ झालेला फेज प्लॉट (जागा विरुद्ध वेगाचा ग्राफ), मग सिग्नल घातल्यावर स्वच्छ गोल, आणि खाली लिहिलेलं असतं की उणे अमुक डेसिबलला सिग्नल सापडला. मी विचारतो की थ्रेशोल्ड, म्हणजे यंत्राची वागणूक जिथे पालटते तो काठ, कुठून घेतला, तर उत्तर येतं ०.८२६, पेपरमध्ये दिलाय. मग विचारतो की सिग्नल नसताना किती वेळा गोल दिसला, तर तिकडे शांतता. तर बाबांनो, हा आकडा कॉपी करायचा नसतो, तो स्वतःच्या सॉल्व्हरवर (समीकरण सोडवणाऱ्या कोडवर), स्वतःच्या स्टेपवर आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या नॉइजमध्ये मोजायचा असतो. बाकी सगळा लेख ते मोजायचं कसं याबद्दलच आहे.

कल्पना एका वाक्यात. डफिंग ऑसिलेटरला (दोन खड्ड्यांमध्ये झुलणारं यंत्र, समीकरण खाली आहे) बाहेरून ठरावीक फ्रिक्वेन्सीचा ड्राइव्ह, म्हणजे नियमित ढकलणं, देऊन केऑसच्या, म्हणजे अंदाज न येणाऱ्या वेड्यावाकड्या फिरण्याच्या, अगदी काठावर आणून ठेवायचं, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीचा थोडासा सिग्नल आत आला की एकूण ड्राइव्ह काठापलीकडे जातो आणि वेडंवाकडं फिरणं थांबून मोठं नियमित फिरणं सुरू होतं.

## तयारी: समीकरण आणि हत्यारं

जुन्या बीजगणिताच्या पुस्तकासारखं क्ष आणि य धरूया. क्ष म्हणजे जागा, य म्हणजे वेग.

क्ष बदलण्याचा दर = य
य बदलण्याचा दर = −०.५ × य + क्ष − क्ष³ + ड्राइव्ह × कॉस(काळ) + इनपुट

यातलं ०.५ म्हणजे डॅम्पिंग. इथला काळ सेकंदात नाही, तो २ × पाय × फ्रिक्वेन्सी × सेकंद असा मोजलेला आहे, म्हणजे सिग्नलची एक सायकल म्हणजे काळ ० ते २ पाय. सिग्नल १०० हर्ट्झचा असो की ५ किलोहर्ट्झचा, समीकरण तेच राहतं, फक्त काळाचं गुणोत्तर बदलतं. पुष्कळ जण समीकरण १ रेडियन प्रति सेकंदाचंच ठेवून १०० हर्ट्झचा डेटा सरळ आत ओततात आणि मग काहीच होत नाही म्हणून ड्राइव्ह वाढवत बसतात. तसं करू नका.

हत्यारं साधी. पायथन, नमपाय, आणि लूप फास्ट व्हायला नम्बा. मॅटलॅब असेल तर तेही चालेल, पण ओडीई-फॉर्टीफाइव्हसारखा स्वतः स्टेप बदलणारा सॉल्व्हर या कामाला नको. कारण पायरी २ मध्ये.

एक वही किंवा टेक्स्ट फाइल उघडून ठेवा. सॅम्पलिंग, स्टेप, इनपुटला गुणलेला आकडा, ड्राइव्ह, सोडून दिलेल्या सायकली, हे दर रनला लिहायचंच. आत्ता कंटाळा केलात की चौथ्या दिवशी कोणता ग्राफ कशाचा हे तुम्हालाच कळणार नाही.

## पायरी १: नॉइज नाही, सिग्नल नाही, नुसतं यंत्र चालवून बघा

इनपुट शून्य ठेवा. ड्राइव्ह ०.३, ०.६, ०.८, ०.८५ असा देऊन बघा आणि प्रत्येक वेळी सुरुवातीच्या २०० सायकली फेकून द्या. छोट्या ड्राइव्हला ते एकाच खड्ड्यात झुलत बसतं, पुढे दोन्ही खड्ड्यांमध्ये वेडंवाकडं उड्या मारतं, आणि शेवटी दोन्ही खड्ड्यांना वळसा घालत एकसारखं मोठं फिरायला लागतं. मधल्या केऑसच्या पट्ट्यातही काही काही ड्राइव्हला अचानक नियमित वागणूक दिसेल, त्या छोट्या खिडक्या आहेत, आपला काठ तो नाही.

इशारा: मेल्निकोव्हची पद्धत वापरून काढलेला आकडा काठ म्हणून घेऊ नका. डॅम्पिंग ०.५ असेल तर तो साधारण ०.३७७ येतो, पण तो केऑसची *शक्यता* कुठून सुरू होते हे सांगतो, केऑस कुठे *संपतो* हे नाही. आपल्याला दुसरा हवा आणि तो याच्या दुप्पटीहून मोठा आहे. व्हायवात इथेच गाडी अडते.

## पायरी २: स्टेप आणि सॅम्पल, इथेच अर्धे लोक घसरतात

फिक्स्ड स्टेपचा आरके-फोर (चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत) घ्या. एका सायकलमध्ये १२८ सॅम्पल ठेवा आणि सॉल्व्हरची एक स्टेप दोन सॅम्पलची करा, म्हणजे सायकलला ६४ स्टेप. का, तर आरके-फोरला स्टेपच्या मध्यावरची इनपुटची किंमतही लागते, आणि दोन सॅम्पलची स्टेप घेतली की मध्यावर खरा सॅम्पल आयता असतो. मधली किंमत म्हणून अलीकडचाच सॅम्पल पुन्हा वापरणारे कोड मी ढिगाने बघितलेत, सिग्नल गुळगुळीत असेल तर खपून जातं, नॉइज असला की तुम्ही नकळत नॉइजचं रूपच बदलत असता.

आता स्टेप बदलणाऱ्या सॉल्व्हरचं. समीकरणाच्या फंक्शनच्या आत रँडम नंबर टाकला की सॉल्व्हर त्याच क्षणाला दोनदा विचारतो आणि दोन वेगळी उत्तरं मिळतात, तो एरर फार आहे असं समजून स्टेप छोटी करतो, पुन्हा विचारतो, पुन्हा वेगळं उत्तर. रन तासभर चालतो आणि शेवटी जे येतं त्याला काही अर्थ नसतो. नॉइज आधी बनवून ॲरेमध्ये ठेवा, मग सॉल्व्हरला द्या.

१२८ च का? खरं तर कोणताही पूर्ण आकडा चालेल, पण *पूर्ण* हवा. समजा सॅम्पलिंग १२,००० आणि सिग्नल १०७.३६ हर्ट्झ, तर सायकलला १११.७७ सॅम्पल पडतात. तुम्ही दर ११२ वा सॅम्पल उचलून म्हणालात की मी दर सायकलला एकदा बघतोय, तर दर वेळी पाव सॅम्पलच्या आसपास पुढे सरकताय, आणि ४९० च्या आसपास सायकलींत तुमचं बघणंच एक पूर्ण चक्कर मारून येतं. यंत्र अगदी नियमित फिरत असलं तरी तुम्हाला ठिपके पसरलेले दिसणार आणि तुम्ही केऑस म्हणणार. म्हणून आधी रीसॅम्पल करा, इथे १२८ × १०७.३६ म्हणजे १३,७४२ च्या आसपास.

चेक: सायकलला ६४ स्टेप आणि १२८ स्टेप, दोन्हींनी पायरी ३ मधला काठ काढा. चौथ्या दशांशापर्यंत जुळायला हवा. नाही जुळला तर पुढे जाऊच नका.

## पायरी ३: काठ मोजा

पेपरमध्ये ०.८२५ किंवा ०.८२६ असं दिसेल, ते शोध कुठून सुरू करायचा यापुरतं ठीक. तुम्ही ०.८० ते ०.८५ अशी ०.००१ च्या पावलाने चाल करा, केऑस जिथे मोडून मोठं फिरणं सुरू होतं तो भाग सापडला की तिथे ०.०००१ चं पाऊल घ्या.

दोन गोष्टी सांभाळा. काठाजवळ केऑस शेकडो सायकली टिकून मग अचानक मोडतो, तेव्हा १०० सायकली बघून केऑस आहे म्हणालात तर फसलात. किमान १००० सायकली चालवा, काठाच्या अगदी जवळ ५०००. आणि दुसरं, प्रत्येक ड्राइव्हला नव्याने सुरुवात करा, मागच्या रनची शेवटची स्थिती पुढच्याला देऊ नका. याला अपवाद एकच चेक: मागची स्थिती पुढे देत एकदा ड्राइव्ह वाढवत आणि एकदा कमी करत चालून बघा. दोन्हीकडून वेगळा आकडा आला तर मधल्या पट्ट्यात दोन्ही वागणुकी शक्य आहेत, म्हणजे तिथे सिग्नलने नव्हे तर सुरुवातीच्या स्थितीने निकाल ठरतो, आणि तो पट्टा टाळायचा.

दहा-वीस वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन बघा. सगळ्यांचा काठ एक येत नसेल तर सर्वात मोठा आकडा काठ धरा.

## पायरी ४: डोळ्याने बघणं बंद, आकडा काढा

फेज प्लॉट बघून निकाल देणं ही या सगळ्या प्रकारातली सर्वात मोठी खोड आहे. नॉइज घातला की गोल जाड होतो, विस्कटतो, आणि मग आपल्याला हवं तेच दिसतं (मला पण दिसलंय, उगाच कशाला नाकारू).

मी दोन आकडे वापरतो.

हजेरी. हे नाव माझं आहे, पेपरमध्ये शोधू नका. ड्राइव्हच्या दर सायकलला, ड्राइव्हच्या त्याच फेजला, क्ष आणि य टिपायचे. स्वच्छ मोठ्या फिरण्यात हा ठिपका दर वेळी एकाच जागी पडतो, ती झाली घरची जागा. मग खऱ्या रनमध्ये किती टक्के सायकलींना ठिपका घरच्या जागेच्या ठरावीक त्रिज्येत पडला ते मोजा. केऑसमध्ये हजेरी कमी, नियमित असताना जास्त. त्रिज्या किती घ्यायची ते पायरी ५ मध्ये.

लायापुनोव्ह एक्स्पोनंट, म्हणजे जवळजवळच्या दोन सुरुवातींमधला फरक किती वेगाने वाढतो किंवा घटतो त्याचा आकडा. मुख्य समीकरणासोबत छोट्या फरकाचं समीकरण चालवा. जागेतल्या फरकाचा दर म्हणजे वेगातला फरक, आणि वेगातल्या फरकाचा दर म्हणजे −०.५ × वेगातला फरक + (१ − ३क्ष²) × जागेतला फरक. दर सायकलला फरकाची लांबी पुन्हा १ करायची आणि लॉगची सरासरी काढायची. मोठा एक्स्पोनंट पॉझिटिव्ह असेल तर केऑस, निगेटिव्ह असेल तर नियमित. ड्राइव्ह आणि इनपुट या फरकाच्या समीकरणात येत नाहीत, तिथे चुकून नॉइज मिळवू नका.

चेक: दोन्ही एक्स्पोनंट काढून बेरीज करा. ती −०.५ यायलाच हवी, ड्राइव्ह काहीही असो, केऑस असो वा नसो, कारण बेरीज फक्त डॅम्पिंगवर ठरते. सेकंदाच्या काळात मोजत असाल तर −०.५ गुणिले २ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी. ही बेरीज चुकली तर कोडमध्ये बग आहे, दुसरं काही कारण शोधत बसू नका. अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा, माझे स्वतःचे दोन दिवस याने वाचलेत.

काही जण ०–१ टेस्ट वापरतात, तिचं उत्तर नियमित मालिकेला ० जवळ आणि केऑसला १ जवळ येतं. चालेल, पण तिला दर सायकलला एकच सॅम्पल द्या. सायकलला १२८ सॅम्पलची अख्खी मालिका दिली तर केऑस असूनही उत्तर शून्याजवळ येतं, म्हणजे नियमित. हा खोटा शोध मी चांगल्या चांगल्यांच्या रिपोर्टात बघितलाय.

## पायरी ५: आता नॉइज, आणि खरी परीक्षा

एक उदाहरण घेऊ. सिग्नलची उंची ०.०१, नॉइजचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.२२. सिग्नलची पॉवर ०.००००५, नॉइजची ०.०४८४, म्हणजे गुणोत्तर उणे ३० डेसिबलच्या आसपास. ऐकायला भारी वाटतं.

आता बघा हा नॉइज यंत्राला किती हलवतो. सॅम्पलमधलं अंतर २ पाय भागिले १२८, म्हणजे ०.०४९. डॅम्पिंग ०.५ धरून ढोबळ हिशेब केला, खड्ड्यांचा आकार बाजूला ठेवून, तर नॉइजमुळे वेगात येणारी थरथर निघते ०.०४८४ × ०.०४९ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ०.०५ च्या जवळपास. आणि तुम्ही काठापासून ठेवलेली फट किती? ०.८२६ वजा ०.८२५, म्हणजे ०.००१. लोकलच्या दारात उभं राहून तोल सांभाळायचाय एक मिलिमीटरचा आणि लोकल हलतेय पाच सेंटिमीटर, असा प्रकार आहे. अशा वेळी सिग्नल नसतानाही यंत्र मधूनच मोठं फिरायला लागणार आणि सिग्नल असतानाही मधूनच मोडणार. यात यंत्राचा दोष नाही, फट नॉइजला साजेशी घेतली नाही हा आपला.

म्हणून क्रम असा:

(अ) सिग्नलशिवाय, नुसत्या नॉइजचे २०० रन, प्रत्येक वेगळ्या सीडने (रँडम नंबरच्या वेगळ्या सुरुवातीने). ड्राइव्ह काठाच्या ०.००१ खाली, ०.००३ खाली, ०.०१ खाली, असं वेगवेगळं ठेवून हजेरीचे आकडे लिहा. हजेरीची त्रिज्या थरथरीच्या तिप्पट घ्या, इथे ०.१५.

(आ) त्या २०० मधली सर्वात मोठी हजेरी बघा. निकालाची रेघ तिच्या वर ओढा. रेघ आत्ताच वहीत लिहा, सिग्नल घालायच्या आधी.

(इ) आता सिग्नल घालून २०० रन. रेघेच्या वर किती गेले तो तुमचा पकडण्याचा दर.

(ई) ज्या ड्राइव्हला (अ) आणि (इ) मधलं अंतर सर्वात जास्त, तो ड्राइव्ह ठेवा. तो बहुतेक वेळा पेपरमधला ०.८२५ नसतो.

इशारा: २०० रनमध्ये एकही खोटा अलार्म आला नाही म्हणून खोट्या अलार्मचा दर शून्य नाही होत. ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की तो ३ भागिले २०० म्हणजे दीड टक्क्याच्या खाली आहे.

आणखी एक छुपी चलाखी, बहुतेक वेळा नकळत होते. नॉइजचा आरएमएस तोच ठेवून सॅम्पलमधलं अंतर निम्मं केलं की तीच पॉवर दुप्पट पट्ट्यात पसरते, सिग्नलच्या आसपास पडणारा नॉइज निम्मा होतो, कागदावर डेसिबल तेच आणि निकाल ३ डेसिबलने सुधारलेला. सॅम्पलिंग दहापट करा, घरबसल्या १० डेसिबल. म्हणून डेसिबल सांगताना कोणत्या पट्ट्यात मोजले आणि किती सायकलींचा रेकॉर्ड होता हे सोबत लिहिलंच पाहिजे.

## पायरी ६: फेज

सिग्नल ड्राइव्हच्या सुरात सूर मिसळून येईल असं कुणी सांगितलंय? ड्राइव्ह ०.८२५ आणि सिग्नल ०.०१ धरा. एकाच फेजमध्ये असतील तर एकूण ०.८३५, काठ पार. ९० अंश फरक असेल तर एकूण ०.८२५०६, काठाच्या खालीच. १८० अंश असेल तर ०.८१५, उलट आणखी खोल केऑस. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त फेजना सिग्नल असूनही यंत्र ढिम्म. आणि सिम्युलेशनमध्ये सगळे फेज शून्यच ठेवतात, मग काय, दर वेळी यश.

उपाय, ड्राइव्हचा फेज ०, १२० आणि २४० अंश ठेवून तोच डेटा तीनदा चालवा. सिग्नल कुठल्याही फेजचा असला तरी कुठल्या तरी एका ड्राइव्हपासून ६० अंशांच्या आत असतो, आणि ६० अंशांचा कोसाइन ०.५, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत सिग्नलचा अर्धा भाग कामाला येतो. वरच्या उदाहरणात ०.८३०, पार झालं. सहा फेज घेतले तर ८७ टक्के भाग मिळतो, पण अलार्म वाजायच्या संधीही सहा होतात, तेव्हा पायरी ५ चं कॅलिब्रेशन पूर्ण संचावर करा, एकट्या ऑसिलेटरवर नाही.

चेक: हजेरी मोजताना ठिपका *त्या त्या* ड्राइव्हच्या फेजनुसार टिपताय ना? तिन्हींना एकच घड्याळ लावलं तर घरची जागा प्रत्येकाची वेगळी येणार.

## पायरी ७: फ्रिक्वेन्सी नक्की माहीत नसेल तर

फ्रिक्वेन्सीत थोडा फरक असला की फेज हळूहळू फिरत राहतो, मग यंत्र काही वेळ नियमित, काही वेळ केऑस, पुन्हा नियमित, असं ठरावीक अंतराने करतं. एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे १ भागिले फ्रिक्वेन्सीतला फरक. ही वागणूक फरक साधारण ३ टक्क्यांच्या आत असेल तर ओळखू येते, म्हणून ऑसिलेटरची रांग लावताना दर पुढच्याची फ्रिक्वेन्सी मागच्याच्या १.०३ पट ठेवण्याची पद्धत आहे. ८० ते १४० हर्ट्झ झाकायला असे २० ऑसिलेटर लागतात.

मग हजेरीची सरासरी न काढता तिची वेळेनुसार मालिका करा, दहा दहा सायकलींची, आणि तिचा एफएफटी (फ्रिक्वेन्सीनुसार विभागणी) घ्या. शिखर जिथे, तितका फ्रिक्वेन्सीतला फरक. अधिक की उणे हे एका ऑसिलेटरवरून कळत नाही, शेजारचे दोन बघा.

दहा सेकंदांच्या रेकॉर्डमध्ये फरक ०.१ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर एक फेरीही पूर्ण होत नाही, तेव्हा तीन फेजची गरज राहतेच. २० फ्रिक्वेन्सी गुणिले ३ फेज म्हणजे ६० रन, आणि प्रत्येकाचा खोटा अलार्म १ टक्का धरला तरी साठातला एखादा उगाच वाजायची शक्यता ४५ टक्के. रेघ वर न्यावी लागेल, इलाज नाही.

## पायरी ८: खरा डेटा, बेअरिंगचा

सरावाला केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा बेअरिंग डेटा घ्या, फुकट मिळतो आणि त्यात १२,००० सॅम्पलिंगच्या साधारण दहा दहा सेकंदांच्या फाइल आहेत. ड्राइव्ह एंडचं (मोटरच्या भाराकडच्या बाजूचं, आपल्या ड्राइव्हशी संबंध नाही) बेअरिंग ६२०५. बाहेरच्या रिंगवर डाग असेल तर धक्क्यांची फ्रिक्वेन्सी शाफ्टच्या ३.५८४८ पट, आतल्या रिंगला ५.४१५२ पट. शाफ्ट १७९७ आरपीएम, म्हणजे २९.९५ हर्ट्झ, त्यामुळे बाहेरच्या रिंगची १०७.३६. तो अमेरिकेतला ६० हर्ट्झवरचा मोटर आहे हे विसरू नका, आपल्याकडचा चार पोलचा मोटर १४४० च्या आसपास फिरतो, तेच बेअरिंग असलं तर आकडा ८६ हर्ट्झच्या जवळ येईल. गूगलवरून १०७ कॉपी करून भोसरीतल्या मोटरला लावू नका म्हणजे झालं.

पहिली चूक, कच्चा व्हायब्रेशन सिग्नल सरळ ऑसिलेटरला देणं. कच्च्या सिग्नलमध्ये १०७ हर्ट्झची लाट जवळजवळ नसतेच, असतात ते दर धक्क्याला वाजणारे वरच्या फ्रिक्वेन्सीचे टणत्कार, सेकंदाला १०७ वेळा. म्हणून आधी स्पेक्ट्रम बघून रेझोनन्सचा पट्टा निवडा, उदाहरणार्थ २ ते ४ किलोहर्ट्झ, बँडपास करा, हिल्बर्टने एन्व्हलप (लाटेच्या उंचीची बाहेरची रेघ) काढा, ५०० हर्ट्झचा लोपास लावा, मग रीसॅम्पल.

दुसरी चूक, एन्व्हलपमधली सरासरी तशीच ठेवणं. एन्व्हलप नेहमी पॉझिटिव्ह, त्यामुळे त्यात मोठा स्थिर भाग असतो, तो आत गेला की दोन खड्ड्यांतला एक खोल आणि एक उथळ होतो आणि मोजलेला काठ सरकतो. एका शनिवार-रविवारी मी हेच करून बसलो होतो, चांगल्या बेअरिंगचा आणि खराब बेअरिंगचा निकाल तंतोतंत एक, आणि मी नॉइजला शिव्या देतोय. सरासरी वजा करायची एक ओळ राहिली होती.

तिसरी चूक बारीक आहे पण महागात पडते. पायरी ५ चं कॅलिब्रेशन पांढऱ्या नॉइजवर केलंत, तो ६८७० हर्ट्झपर्यंत पसरलेला. एन्व्हलप मात्र ५०० हर्ट्झच्या आत कोंबलेला. आरएमएस तोच असला तरी सिग्नलच्या आसपासचा नॉइज जवळजवळ १४ पट, म्हणजे ११ डेसिबल जास्त, आणि थरथर ०.०५ ऐवजी ०.१८. तेव्हा एकतर कॅलिब्रेशनच्या नॉइजला तोच लोपास लावा, किंवा इनपुटचा आरएमएस ०.२२ वरून ०.०६ वर आणा. हा गुणाकार एकदा ठरवला की सगळ्या फाइलना एकच नियम. निकाल बघून फाइलपरत्वे बदलायचा नाही!

सिग्नल नसलेला डेटा कुठून आणायचा? चांगल्या बेअरिंगची फाइल असेल तर ती घ्या. नसेल तर त्याच फाइलवर ऑसिलेटर जाणूनबुजून चुकीच्या फ्रिक्वेन्सीला लावा, १०७.३६ पासून ३ टक्क्यांच्या बाहेर, म्हणजे ९९.८ किंवा ११३.८ वगैरे, आणि तिथे अलार्म किती वाजतो ते बघा. शाफ्टच्या पटीत येणारे आकडे टाळा, इथे ८९.८५ आणि ११९.८, आणि आपल्याकडच्या मोटरला १०० हर्ट्झही टाळा, विजेची दुप्पट तिथेच बसलेली असते. फेज रँडम करून सरोगेट (तुलनेसाठीचा बनावट डेटा) बनवायची युक्ती मात्र इथे चालत नाही, त्याने स्पेक्ट्रम तसाच राहतो, म्हणजे १०७ ची रेघही तशीच राहते, आणि तुम्ही सिग्नल असलेल्या डेटालाच सिग्नल नाही असं लेबल लावलेलं असतं.

बेअरिंगमधल्या घसरणीमुळे खरी फ्रिक्वेन्सी सूत्रापेक्षा एक-दोन टक्के इकडेतिकडे असते. तेव्हा पायरी ७ वगळून चालणार नाही, एकटा ऑसिलेटर १०७.३६ ला लावून काही नाही सापडलं म्हणून बेअरिंग चांगलं आहे असं लिहून देऊ नका.

## पायरी ९: लॉक-इनशी तुलना, टाळायची नाही

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि का गाळतात ते आकडे बघून कळेल. पायरी ५ चंच उदाहरण, सिग्नल ०.०१, नॉइज ०.२२, १००० सायकली, म्हणजे १,२८,००० सॅम्पल. त्याच डेटाला साइन आणि कोसाइनने गुणून सरासरी काढली, म्हणजे साधा लॉक-इन, तर उंचीच्या मोजमापातली चूक येते ०.२२ गुणिले (२ भागिले १,२८,०००) चं वर्गमूळ, म्हणजे ०.०००९ च्या आसपास. सिग्नल त्याच्या अकरा पट. चार ओळींचा कोड, फेजची कटकट नाही, आणि उंची व फेज दोन्ही हातात. एफएफटीमध्ये सुद्धा इतक्या सॅम्पलला ४८ डेसिबलचा फायदा आयता मिळतो, उणे ३० चा सिग्नल नॉइजच्या वर १८ डेसिबल दिसतो.

पांढरा गॉसियन नॉइज आणि माहीत असलेली फ्रिक्वेन्सी, या स्थितीत याहून चांगला डिटेक्टर नसतो हे गणिताने सिद्ध आहे. तिथे डफिंगने लॉक-इनला हरवलं असा निकाल आला तर आनंद साजरा करू नका, कुठेतरी मोजणीत गफलत आहे, बहुधा सॅम्पलिंगची किंवा शून्य फेजची. माझं मत विचाराल तर डफिंगचा उपयोग आहे तो थेट हो-नाही देणारा स्विच म्हणून आणि नॉन-लिनियर सिस्टीम हाताने शिकायला, पण लॉक-इन काढून टाकून त्या जागी बसवायला नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये टेबल असं हवं: तोच डेटा, तितक्याच सायकली, खोटा अलार्म दोघांचाही १ टक्क्यावर बांधलेला, आणि मग सिग्नलची उंची ०.००२, ०.००५, ०.०१, ०.०२ असताना कुणी किती टक्के पकडले. खोट्या अलार्मचा १ टक्का नीट मोजायला २०० रन पुरत नाहीत, २००० लागतील, नम्बा असेल तर रात्री लावून झोपा. सकाळी आलेले आकडे जसे आहेत तसे छापा, डफिंगचा कॉलम कमी आला तरी.